लिलावाच्या रिपोर्टातल्या गाळलेल्या तारखा: भरायच्या कशा आणि भरायचं काय?

बंदरकाठ

मंडळी, रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका मच्छीमार सोसायटीचं संगणकाचं काम बघतो. रोजच्या लिलावाच्या नोंदी एका टेबलात आहेत: वेळ, नौका, मासळी, किलो, रक्कम. वार्षिक सभेसाठी वर्षभराच्या विक्रीचा दिवसवार आलेख काढायचा आहे. क्वेरी साधीच, तारखेवर ग्रुप बाय आणि किलोची बेरीज.

अडचण अशी की ज्या दिवशी लिलाव झाला नाही त्या दिवसाची ओळच येत नाही. मग आलेखाची रेघ मे अखेरच्या टिंबावरून निघते ती थेट ऑगस्टच्या टिंबाला जाऊन टेकते. बघणाऱ्याला वाटावं की जून-जुलैत रोज थोडीथोडी मासळी विकली गेली. मासेमारीबंदीच्या दोन महिन्यांत! सभेत हा कागद भिंतीवर लावला तर पहिल्या रांगेतूनच आवाज येईल, कोणाची बोट गेली होती ते सांगा.

मला सगळ्या ३६५ तारखा हव्यात. डेटाबेस मायएसक्यूएल ८ आहे. कोणी वाट दाखवेल का?

कुळीथपिठी

ग्रुप बाय फक्त असलेल्या ओळींचे गट करतो. टेबलात १५ जूनची एकही ओळ नसेल तर १५ जून नावाचा दिवस असतो हे डेटाबेसला कुठून कळणार? म्हणून तारखांची यादी तुम्ही बाहेरून पुरवायची, ती डावीकडे ठेवायची आणि लिलाव तिला लेफ्ट जॉइनने (म्हणजे डावीकडची प्रत्येक ओळ राखून) जोडायचा. मायएसक्यूएल ८ मध्ये रिकर्सिव्ह सीटीई (स्वतःलाच पुन्हापुन्हा वापरणारी तात्पुरती क्वेरी) आहे, त्यातून यादी जागच्या जागी तयार होते. फोनवर मराठी कळफलक आहे म्हणून देवनागरीत टंकतोय, चालवताना रोमन करून घ्या.

विथ रिकर्सिव्ह दिवस (दिनांक) अ‍ॅज (
सिलेक्ट कास्ट('२०२४-०४-०१' अ‍ॅज डेट)
युनियन ऑल
सिलेक्ट दिनांक + इंटरव्हल १ डे फ्रॉम दिवस
व्हेअर दिनांक < '२०२५-०३-३१'
)
सिलेक्ट दि.दिनांक, सम(लि.किलो)
फ्रॉम दिवस दि
लेफ्ट जॉइन लिलाव लि
ऑन लि.वेळ >= दि.दिनांक
अँड लि.वेळ < दि.दिनांक + इंटरव्हल १ डे
ग्रुप बाय दि.दिनांक
ऑर्डर बाय दि.दिनांक;

जोडताना डेट(लि.वेळ) = दि.दिनांक असंही लिहिता येतं आणि ते वाचायला सोपं आहे. पण कॉलमला फंक्शनमध्ये गुंडाळलं की त्यावरचा साधा इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) कामाला येत नाही. वर्षाच्या नोंदींना फरक जाणवणार नाही, दहा वर्षांच्या नोंदींना जाणवेल.

एक वर्ष काढाल तोवर ठीक. तीन वर्षांचा रिपोर्ट मागितला की ही क्वेरी एरर देऊन थांबेल, कारण मायएसक्यूएलमध्ये रिकर्शनची मर्यादा मुळात १००० आहे आणि तीन वर्षांचे दिवस त्याहून जास्त होतात. सीटीई मॅक्स रिकर्शन डेप्थ हे सेटिंग सेशनपुरतं वाढवा. एसक्यूएल सर्व्हरवाल्यांची मर्यादा तर १०० च आहे, ते चौथ्या महिन्यातच अडकतात.

आडवाट

एवढा खटाटोप कशाला? क्वेरीतून आलेलं आहे तसं घ्या आणि पीएचपीत पहिल्या तारखेपासून शेवटच्या तारखेपर्यंत लूप फिरवा. ज्या तारखेची नोंद सापडली ती लावा, नाही सापडली तिथे शून्य. दहा ओळींचं काम.

कुळीथपिठी

एकच रिपोर्ट असेल तर अगदी चालेल, मी भांडणार नाही. पण उद्या तोच आकडा एक्सेलमध्ये हवा असतो, परवा मोबाइलवर, आणि प्रत्येक ठिकाणी कोणीतरी तोच लूप नव्याने लिहितो. एक जण सुरुवातीची तारीख धरतो, दुसरा धरत नाही, आणि मग दोन रिपोर्टांची बेरीज जुळवत बसायची वेळ येते.

बंदरकाठ, आता पुढे दोन ठिकाणी ठेच लागते, ती आधीच सांगून ठेवतो.

पहिली: कोणीतरी म्हणेल फक्त बांगड्याचा आलेख द्या. हात आपोआप शेवटी व्हेअर लि.मासळी = 'बांगडा' लिहितो आणि भरलेल्या तारखा पुन्हा गायब होतात. ज्या तारखेला लिलावच नाही तिच्या उजव्या बाजूला मासळीच्या जागी नल, म्हणजे कोरी जागा, आहे. नल म्हणजे 'बांगडा' नव्हे, म्हणून व्हेअर ती ओळ फेकून देतो. ही अट ऑनमध्ये, जॉइनच्या सोबत लिहायची. उजव्या टेबलावरच्या सगळ्याच अटी तिथे.

दुसरी: लिलाव किती झाले हे मोजायला काउंट(*) वापरलात तर बंदीच्या प्रत्येक दिवशी १ लिलाव दिसेल. लेफ्ट जॉइनने त्या तारखेची एक रिकामी ओळ दिलेली असते आणि काउंट(*) ती ओळ मोजतो. काउंट(लि.किलो) लिहा, मग शून्य येईल.

सुरंगी

मी मालवणची, पोस्टग्रेसवर असते. आमच्याकडे ही यादी एका ओळीत होते: जनरेट_सिरीज(सुरुवात, शेवट, '१ डे'). एवढंच लक्षात ठेवायचं की दोन्ही टोकांना डेट दिली तरी ते उत्तरात वेळेसकट टाइमस्टँप देतं, म्हणून परत डेटमध्ये कास्ट करून घ्यावं.

पण मला यातलं दुसरं काहीतरी खटकतंय. आडवाट म्हणतात "नाही सापडली तिथे शून्य". कोणत्याही उत्तरात हाच सल्ला असतो, कोअलेस(सम(किलो), ०) करा, म्हणजे नलच्या जागी ० लावा, आणि मोकळे व्हा. आमच्या घरचीच बोट आहे म्हणून विचारते, शून्य म्हणजे काय? बोट समुद्रात गेली, डिझेल जाळलं, बर्फ वितळवला आणि रिकामी आली, त्याला मी शून्य म्हणेन. १ जून ते ३१ जुलै बोट किनाऱ्यावर ओढून ठेवलेली असते, त्याला शून्य कसं म्हणू? आजोबा असते तर म्हणाले असते, "गो, होडी गेलीच नाय तर किलो खंयसून येतले?"

आणि तिसरा प्रकार त्याहून वाईट. मे २०२१ मध्ये तौक्ते आलं तेव्हा आमच्या भागात कित्येक गावांत वीज नव्हती. अशा दिवसांत लिलाव झाला की नाही हे संगणक सांगू शकत नाही, कारण संगणकच बंद असतो. काही ठिकाणी नोंद वहीत असते, काही ठिकाणी तीही नसते. बोट गेली नाही, मासळी लागली नाही आणि लिहिलं गेलं नाही, या तिन्हींवर तुमचा कोअलेस एकच ० चा शिक्का मारतो.

आडवाट

आलेखात तिन्हींची उंची एकच दिसणार ना? बेरीज तर बदलत नाही.

सुरंगी

बेरीज नाही बदलत, सरासरी बदलते. उदाहरणादाखल एक आठवडा घ्या. चार दिवस लिलाव झाला: ४००, ६००, ५००, ५०० किलो. उरलेले तीन दिवस वादळाचा बावटा होता. अ‍ॅव्हरेज फंक्शन नल सोडून देतं, म्हणजे उत्तर ५००. तिथे शून्यं भरलीत तर २,००० भागिले ७, म्हणजे साधारण २८६. पहिला आकडा सांगतो की बोटी गेल्या तर दिवसाला किती मासळी येते. दुसरा सांगतो की बर्फाच्या कारखान्याने आठवड्याचा हिशोब कसा धरावा. दोन्ही खरे. पण "रोजची सरासरी" एवढंच छापलं तर सभेत अर्धे लोक एक समजणार, अर्धे दुसरं.

आणि ते तीन दिवस बावट्याचे नसून नोंदच न झालेले असतील, तर २८६ हा आकडा सरळसरळ खोटा.

बंदरकाठ

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. आमच्याकडे रविवारी लिलाव कमी असतो, गणपतीत बरेच खलाशी घरी जातात, शिमग्यातही तेच. ते दिवस कुठे टाकायचे?

पर्जन्यवही

मी मासळीतला नाही, आंब्यातला, पण हा प्रश्न आमच्या पावसाच्या नोंदींत रोज भेटतो म्हणून लिहितो.

पर्जन्यमापकाच्या वहीत ०.० आणि कोरी जागा यांचा अर्थ वेगळा. ०.० म्हणजे माणूस सकाळी गेला, मापक बघितलं, पाऊस नव्हता. कोरी जागा म्हणजे कोणी गेलंच नाही. हवामान खातं २.५ मिमी किंवा त्याहून जास्त पावसाच्या दिवसाला पावसाळी दिवस धरतं. कोऱ्या जागी शून्य भरलं की पावसाळी दिवस कमी होतात, आणि जुलैतल्या कोकणात कोरा दिवस बहुतेक वेळा मुसळधारच असतो. माणूस बाहेर पडू शकला नाही म्हणून तर नोंद नाही!

यात आणखी एक गोम आहे. रविवारी मापक बघितलं नाही आणि सोमवारी बघितलं, तर सोमवारच्या आकड्यात दोन दिवसांचं पाणी असतं. रविवारी शून्य भरलंत तर रविवार कोरडा आणि सोमवारी अतिवृष्टी असं चित्र तयार होतं. बेरीज बरोबर, दोन्ही दिवस चूक. तुमच्या सोसायटीत कोणी शनिवार-रविवारची विक्री सोमवारी एकदम चढवत असेल तर हाच प्रकार आहे, तपासून बघा.

पुढे मासळी आणि पाऊस एकाच आलेखात जोडायचा मोह झाला तर तारखेचा अर्थ आधी बघून घ्या. हवामान खात्याचा दिवस सकाळी ८:३० ला संपतो. ८:३० पर्यंतच्या २४ तासांचा पाऊस त्या सकाळच्या तारखेला लिहिला जातो. २६ जुलै २००५ चा सांताक्रूझचा ९४४ मिमी पाऊस सगळ्यांना पाठ आहे, पण तो २७ जुलैच्या सकाळी ८:३० ला संपलेल्या २४ तासांचा आकडा आहे. नुसत्या तारखेवर जॉइन केलं तर मुंबई बुडाली त्या दिवशीच्या ओळीत हा पाऊस सापडायचा नाही.

माडावरून

तारखेचा अर्थ निघालाच आहे म्हणून विचारतो. बंदरकाठ, तुमचा सर्व्हर कुठे आहे? क्लाउडवर असेल तर वेळ बहुधा यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) साठवली जाते. आपण साडेपाच तास पुढे. पहाटे ४:४५ ला ५ ऑगस्टचा लिलाव नोंदवला की टेबलात ४ ऑगस्ट, रात्रीचे ११:१५ पडतात. एरवी ऑफिसच्या वेळात काम करणाऱ्यांना हे कधी कळतही नाही, पण मासळीचा धंदा पहाटेचा. रविवारी पहाटेची विक्री शनिवारात जाते, रविवार रिकामा दिसतो आणि तुम्ही तिथे प्रेमाने शून्य भरता.

आपल्याकडे घड्याळ उन्हाळ्यात पुढे-मागे करण्याची भानगड नाही, त्यामुळे फरक कायम +०५:३०. मायएसक्यूएलमध्ये कन्व्हर्ट_टीझेडला '+००:००' आणि '+०५:३०' असे आकडेच द्या. 'एशिया/कोलकाता' असं नाव दिलं आणि सर्व्हरवर टाइमझोनची टेबलं भरलेली नसली तर ते गुपचूप नल परत करतं. एररही देत नाही.

बंदरकाठ

सर्व्हर क्लाउडवरच आहे आणि आता बघितलं, वेळ यूटीसीतच आहे. बरेच रविवार रिकामे का दिसत होते त्याचा उलगडा झाला. तारखांच्या सीमा साडेपाच तास मागे सरकवून पुन्हा चालवली, निम्म्याहून जास्त भोकं आपोआप बुजली.

कुळीथपिठी

व्वा माडावरून, हे आधी यायला हवं होतं. तारीख खरंच गाळलेली आहे की नुसती सरकलेली, हे बघितल्याशिवाय भरायला बसूच नये.

सुरंगीताईंच्या मुद्द्यावर माझा उपाय: दर वेळी सीटीई न लिहिता एक कायमचं दिनदर्शिका टेबल करा. दर तारखेला एक ओळ, २०१५ ते २०४० घेतलं तरी साडेनऊ हजार ओळी होतात. त्यात कॉलम वाढवत जायचे: वार, आर्थिक वर्ष, बंदी आहे का, सुट्टी, तिथी, उधाण की भांग (मोठी भरती की छोटी). बंदीच्या तारखा सूत्राने भरता येतील. सण मात्र पंचांग बघून हाताने भरा. नारळी पौर्णिमा २०२४ ला १९ ऑगस्टला होती, त्याआधीच्या वर्षी अधिक श्रावण आल्यामुळे ३० ऑगस्टला. बंदी दोन्ही वर्षी ३१ जुलैलाच संपली. पण जे नारळ वाहिल्याशिवाय बोट लोटत नाहीत त्यांचा ऑगस्ट दोन वर्षांत किती वेगळा दिसेल बघा, आणि आलेख बघणारा म्हणणार मासळी घटली.

माडावरून

तिथीचा कॉलम ठेवा पण तिथीवर जॉइन करू नका. क्षयतिथीला सूर्योदय मिळतच नाही, वृद्धितिथीला दोन मिळतात. एका महिन्यात अष्टमी नाही आणि दुसऱ्यात दोन, अशी यादी कुठलाही जॉइन बिघडवेल. किल्ली इंग्रजी तारखेचीच ठेवायची.

अवांतर: इंग्रजी तारखाही अगदी सलग नाहीत म्हणा. ओरॅकलला ४ ऑक्टोबर १५८२ मध्ये एक मिळवायला सांगा, १५ ऑक्टोबर येतं. पोस्टग्रेसमध्ये ५ येतं. सोसायटीची स्थापना त्यानंतरची असावी अशी आशा आहे.

रापण

वाचतोय. आमच्याकडे नौकावार रिपोर्ट लागतो, प्रत्येक बोटीची प्रत्येक तारीख. दिनदर्शिका लेफ्ट जॉइन करून बघितली पण बोट ज्या दिवशी आली नाही त्या दिवशी बोटीचं नावच येत नाही.

कुळीथपिठी

आधी दिनदर्शिका आणि नौका यांचा क्रॉस जॉइन करा, म्हणजे प्रत्येक तारखेसमोर प्रत्येक बोट उभी राहते. मग त्या जोडीला लिलाव लेफ्ट जॉइन करा, अट तारखेची आणि नौकेची अशी दोन्ही. ६० बोटी गुणिले ३६५ म्हणजे २१,९०० ओळी, काही जड नाही. फक्त जी बोट डिसेंबरात सभासद झाली तिला एप्रिलपासूनचे रिकामे दिवस चिकटवू नका. क्रॉस जॉइननंतर व्हेअर दि.दिनांक >= नौ.नोंदणी_दिनांक ही अट लावा. ही व्हेअरमध्ये चालते, कारण दोन्ही टेबलं डावीकडची आहेत.

रापण

झालं, धन्यवाद. आणखी एक. डिझेलच्या टाकीचा डिप (पट्टी बुडवून मोजलेला साठा) आम्ही रोज घेत नाही. मधल्या तारखांना काय भरू? शून्य भरलं तर टाकी रोज रिकामी होतेय असं दिसतं.

सुरंगी

तिथे मागचाच आकडा पुढे न्यायचा. विक्री ही त्या दिवसाची घटना आहे, साठा ही स्थिती. कोणी मोजलं नाही म्हणून साठा संपत नाही. दोन पायऱ्या कराव्या लागतात. आधी काउंट(डिप) ओव्हर (ऑर्डर बाय दिनांक) याला 'गट' म्हणा. काउंट नल मोजत नाही, त्यामुळे नवा डिप आला की गटाचा क्रमांक एकाने वाढतो आणि पुढच्या कोऱ्या तारखा त्याच गटात राहतात. मग बाहेरच्या क्वेरीत मॅक्स(डिप) ओव्हर (पार्टिशन बाय गट). एका गटात डिप एकच असतो, तोच सगळ्या तारखांना मिळतो. सोबत "शेवटचा डिप कधीचा" हाही कॉलम दाखवा, म्हणजे महिनाभर शिळा आकडा ताजा म्हणून कोणी वाचणार नाही.

आडवाट

मान्य, माझा लूप मागे घेत नाही पण शून्य मागे घेतो. एक प्रश्न: सात दिवसांची चालती सरासरी काढायची तर रोज बिटवीन ६ प्रिसीडिंग पुरेसं ना?

कुळीथपिठी

तारखा आधी भरल्या असतील तरच. इथे 'रोज' म्हणजे इंग्रजीतल्या ओळी, दिवस नव्हेत. न भरलेल्या यादीत ३ ऑगस्टच्या मागच्या सहा ओळी थेट मे महिन्यात जातात. म्हणजे ऑगस्टच्या पहिल्या आठवड्याच्या सरासरीत मेची सुरमई. रेंज वापरून इंटरव्हल ६ डे दिलंत तर खरे दिवस मोजले जातात, मायएसक्यूएल ८ ला ते येतं. तरी भागाकार असलेल्या ओळींनीच होतो, त्यामुळे सुरंगीताईंचा प्रश्न तिथेही उभाच.

बंदरकाठ

इथवर केलेलं सांगतो. दिनदर्शिका टेबल झालं, बंदी आणि सण भरले. रिपोर्टात किलोसोबत 'स्थिती' असा कॉलम काढला: लिलाव झाला, बंदी, सुट्टी, माहीत नाही. किलोला शून्य कुठेच भरलं नाही, नल तसाच ठेवला. आलेख काढणाऱ्या चार्टजेएसमध्ये नल असला की रेघ तिथे तुटते, जोडून हवी असेल तर स्पॅनगॅप्स चालू करावं लागतं, ते केलं नाही. बंदीचा पट्टा मागे राखाडी रंगाने दाखवला.

आता अडलंय ते 'माहीत नाही'वर. टाइमझोन सुधारल्यानंतरही अशा तारखा उरल्यात. त्यात बावट्याचे दिवस किती आणि न लिहिलेले किती हे कुठल्याही क्वेरीने कळत नाही. सेक्रेटरी म्हणतात आठवणीने भरून टाकू.

पर्जन्यवही

आठवणीने भरू नका. बंदर खात्याचे इशारे आणि वर्तमानपत्रं यांवरून बावट्याचे दिवस काढता येतील, बर्फाची आणि डिझेलची बिलं बघून बोटी गेल्या होत्या का तेही कळेल. त्यातूनही जे उरेल ते 'माहीत नाही' म्हणूनच छापा.

पुढच्यासाठी सरकारी कचेऱ्यांची पद्धत उचला. तिथे काही घडलं नाही तरी निरंक अहवाल पाठवावाच लागतो. लिलाव लिहिणाऱ्याच्या पडद्यावर "आज लिलाव नाही" असं बटण द्या, आणि ते दाबलं की कारण विचारा: मासळी नाही, हवामान, सुट्टी, इतर. वेगळ्या टेबलात तारीख, कारण, कोणी लिहिलं. सकाळी अकरापर्यंत ना लिलाव ना निरंक, असं असेल तर सेक्रेटरींना मेसेज.

बंदरकाठ

हे जमेल. पण लिलाव लिहिणारा माणूस बंदीत दोन महिने गावाला जातो. तेव्हा बटण कोण दाबणार?

सुरंगी

बंदी दिनदर्शिकेत भरलीये ना? त्या तारखांना मेसेजच पाठवू नका. फक्त बिगर-यांत्रिक होड्यांना बंदी लागू नसते हे विसरू नका. तुमच्याकडे त्यांची मासळी लिलावाला येत असेल तर जून-जुलैतही ओळी येतील, त्या चुकीच्या समजून पुसू नका. बंदीचा कॉलम तारखेला एकटा पुरणार नाही, नौकेचा प्रकारही सोबत बघावा लागेल.

बंदरकाठ

येते, थोडी कोळंबी येते. म्हणजे राखाडी पट्ट्यावर टिंबं दिसणार. नौका टेबलात 'प्रकार' कॉलम आहे पण निम्म्या बोटींना तो भरलेलाच नाही. आधी तो भरून घेतो, मग क्रॉस जॉइनवर परत येतो.